पदवी नाही, पासपोर्ट भारतीय: नॉम पेन्हमधले तीन आठवडे

बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. इंग्रजी शिकवायला बाहेर जायचं ठरवलं तेव्हा एकेक देश गळत गेला. व्हिएतनामचं वर्क परमिट पदवीवर अडलं. दक्षिण कोरियाला पदवी तर हवीच, शिवाय पासपोर्ट सहसा ठरलेल्या सात इंग्रजीभाषक देशांपैकी एकाचा. उरला कंबोडिया.

राजधानी नॉम पेन्हमध्ये पहिल्याच दिवशी ॲपवरून रिक्षा मागवली, तर समोर आपली बजाज! तेवढ्यानेच निम्मी भीती गेली.

विमानतळावर व्हिसा घेताना 'टी' नाही, 'ई' मागा. 'टी' पर्यटकांचा, तो एकदाच महिनाभर वाढतो. 'ई'ला 35 डॉलर पडले. तोच पुढे वाढवून कामाचा करता येतो. वर्क परमिट मात्र वेगळं काढावं लागतं. शाळा "नंतर बघू" म्हणाली तर तिथेच सावध व्हा.

सर्टिफिकेटचं म्हणाल, तर मी आधी स्वस्तातला 120 तासांचा ऑनलाइन टेफल, म्हणजे परभाषकांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स, केला. पैसे वाया. मुलाखतीत पहिला प्रश्न असायचा, "खऱ्या वर्गात किती तास उभे राहिलात?" सेल्टा हा केंब्रिजचा त्याच कामाचा कोर्स; त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं, मागे परीक्षक वही घेऊन बसलेला. त्याला पदवीची अट नाही. वय 18 पूर्ण, शिक्षण कॉलेज प्रवेशाइतकं आणि इंग्रजी पक्कं हवं. महाग आहे, पण घ्यायचं तर हेच घ्या. मी दुसऱ्यांदा पैसे घालून तेच केलं.

अकरा शाळांत गेलो. तीन ठिकाणी पासपोर्टचा रंग बघून चेहरे बदलले. राग आला, पण त्याचा हिशेब धरूनच जा. चौथ्या आठवड्याचाही खर्च गाठीशी ठेवा.

एका शाळेने डेमो, म्हणजे नमुन्याचा तास, घ्यायला सांगितला. ख्मेर, म्हणजे इथली, मुलं शेवटचं व्यंजन गिळतात, 'राइस'चं 'राय' होतं. मी 'स'वर बोट ओठाशी नेऊन सापासारखा आवाज काढला. सगळा वर्ग फुसफुसायला लागला. खूश होतो, तेवढ्यात शाळेतल्या बाई म्हणाल्या, "तुमचं 'वाइन' आणि 'व्हाइन' सारखंच ऐकू येतं." बरोबर होतं. आपण दोन्ही एकाच 'व'त उरकतो! रात्री आरशासमोर खालचा ओठ दाताखाली धरून सराव केला. आठवड्याला दहा तासांचं काम मिळालं.

पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्हा नसल्याचा दाखला, भारतातून निघण्याआधीच पासपोर्ट कार्यालयातून काढा, फी 500 रुपये. मुलांच्या शाळा मागतातच.

आणि घरबसल्या "डिग्री नको, तिकीट आम्ही देतो" असं सांगणारा एजंट भेटला तर फोन ठेवा. नोकरीच्या नावाने कंबोडियात नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेले सुमारे अडीचशे भारतीय सोडवल्याचं 2024 साली आपल्या सरकारनेच सांगितलं होतं.

डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या. जराशी फाटलेली कुणी घेत नाही. माझी वीसची अजून पाकिटात आहे.