'गे'चा घुमारा

"चाटेचा 'ना' लखलखीत येतो हो, पण 'गे'चा घुमारा कुठे गेला तेच कळत नाही." गाडीच्या स्टिरिओची अशी तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक मला वीस वर्षांत पहिल्यांदाच भेटलं. ठाण्यात वागळे इस्टेटला माझा छोटा गाळा आहे, ऑटो इलेक्ट्रिकचा. 'बेस येत नाही', 'आवाज फाटतो', 'खरखर होते' हे रोजचंच. हे गृहस्थ मात्र नौपाड्यात तबल्याची शिकवणी घेणारे. 'ना' म्हणजे तबल्याच्या काठावरचा, चाटेवरचा टणक बोल, आणि 'गे' म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्यावरचा खोल बोल. जुलैतला पाऊस कोसळत होता, आणि ते छत्री मिटायचीही विसरून शटरखाली उभं राहून मला सांगत होते, की तीन महिने गाडीत काही ऐकावंसंच वाटत नाही.

गाडी 2011 ची, टॉप मॉडेल. म्हणजे आवाज मोठा करून स्पीकरना देणारा, कंपनी फिटिंगचा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आलेला, डिक्कीत डाव्या बाजूच्या लायनिंगमागे. जुना डेक बंद पडल्यावर गुरुजींनी एका दुकानातून टचस्क्रीनचा नवा स्टिरिओ बसवून घेतला. पहिल्याच दिवशी स्क्रीन चालू, आवाज शून्य. दुसऱ्या एका ठिकाणी नेली, तिथल्या माणसाने दोन तासांत आवाज काढून दिला. तेव्हापासून आवाज अर्ध्यावर नेला की दहा मिनिटांत स्टिरिओ बंद पडायचा, आणि 'गे' गेलेला तो गेलेलाच.

डिक्कीचं लायनिंग काढलं तेव्हा माझा भाचा नुसता "मामा..." म्हणाला आणि गप्प बसला. अ‍ॅम्पचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लास्टिकचा खटका, मोकळा लोंबकळत होता, आणि त्याच्या वायरी मुळाशी कापलेल्या. डॅशबोर्डकडून आलेल्या वायरी स्पीकरकडे जाणाऱ्या वायरींना नुसत्या पिळून वर टेप मारलेला. उन्हाळ्यात त्या टेपचा डिंक वितळून काळा चिकटा झाला होता, नखाला लागला की सुटेना. आत तांब्यावर हिरवा गंज. अ‍ॅम्प बिचारा धडधाकट होता, त्याच्या जाड वायरीवर 12.4 व्होल्ट व्यवस्थित उभे होते. त्याला कुणी उठवलंच नव्हतं, एवढंच.

असा अ‍ॅम्प आपणहून चालू होत नाही. स्टिरिओ सुरू झाला की एका वायरीवरून त्याला 12 व्होल्टचा इशारा जावा लागतो. बाहेरच्या स्टिरिओत ती निळी-पांढरी वायर असते. पिवळी कायमच्या करंटची, लाल चावीची, काळी अर्थची, एवढं सगळ्यांना पाठ असतं. निळी-पांढरी मात्र कित्येकदा टेप मारून मागे कोंबलेली सापडते, इथेही तशीच सापडली. एका वायरीपायी सगळा अ‍ॅम्प बाद ठरवला गेला होता. काही गाड्यांत हा इशारा डेटा लाइनवरून जातो, तिथे 12 व्होल्ट दिले तर काहीतरी जळू शकतं. म्हणून मी अंदाजाने कधी वायर जोडत नाही. या मॉडेलचा डायग्राम माझ्याकडे होता, तो उघडून बघितला, मगच हात घातला.

स्टिरिओ बंद का पडतो हे मीटरने लगेच सांगितलं. पुढच्या दरवाजांच्या स्पीकरवर 1.8 ओहम आले, म्हणजे ते 2 ओहमचे. ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा, तो जितका कमी तितका करंट जास्त. अ‍ॅम्पसोबत आलेले कंपनीचे स्पीकर पुष्कळदा असेच कमी ओहमचे असतात, कारण मागचा अ‍ॅम्प त्यांच्यासाठीच बनवलेला असतो. बाहेरचा स्टिरिओ साधारण 4 ओहमच्या हिशेबाने येतो. खोक्यावर 50×4 वॅट छापलेलं असतं, पण 14 व्होल्टच्या गाडीत त्याची आतली चिप 4 ओहमवर स्वच्छ आवाज देते तो पंचवीसेक वॅटच्या आतच. तिला 2 ओहम जोडले की करंट दुप्पट मागितला जातो, चिप तापते आणि स्वतःला वाचवायला बंद पडते. त्यातून तो करंट जात होता कशातून, तर अ‍ॅम्पला नुसता सिग्नल न्यायला टाकलेल्या, एकमेकींना पीळ घातलेल्या बारीक वायरींतून. मला वाटलं, 'गे' इथेच गिळला जातोय. तसं मी गुरुजींना सांगूनही टाकलं.

कापलेल्या सगळ्या वायरी रंगाला रंग लावून, दोन्ही टोकांना मीटरचा बझर वाजवून, एकेक सोल्डर केल्या आणि स्लीव्ह चढवली. दुपारचे दोन तास त्यातच गेले. मग डॅशबोर्ड उघडला. स्टिरिओच्या स्पीकर वायरी, म्हणजे पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी आणि त्यांच्या काळ्या पट्ट्याच्या जोडीदार, या सगळ्या सोडवून प्रत्येकीचं टोक वेगळं बंद केलं. काळ्या पट्ट्याची वायर म्हणजे अर्थ, असं समजून ती बॉडीला लावणारे मी पाहिलेत. चालू स्टिरिओवर बॉडीपासून मोजलं तर तिच्यावर सहाच्या आसपास व्होल्ट असतात आणि तिच्या जोडीच्या वायरीवरही तेवढेच. ती बॉडीला टेकली तर चिप जाऊ शकते. अ‍ॅम्पला सिग्नल दिला तो स्टिरिओच्या मागच्या आरसीए सॉकेटमधून, म्हणजे सिग्नल बाहेर काढायच्या गोल खोबणीतून. मधली पिन प्लसला, वरचं कडं मायनसला. निळी-पांढरी अ‍ॅम्पच्या इशाऱ्याच्या वायरीला.

चावी फिरवली आणि आवाज आला, भरदार. पण इंजिन सुरू केल्याबरोबर बारीक शिट्टी! अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढायची, सोडला की उतरायची. अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरची शिट्टी, दुखणं बहुधा अर्थचं. स्टिरिओची काळी वायर डॅशबोर्डमागच्या रंगवलेल्या पट्टीला स्क्रूने आवळली होती. लांब वायर लावून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं तर मध्ये 0.28 व्होल्ट. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, रिंग टर्मिनल लावून बोल्ट आवळला, तर 0.02. शिट्टी गेली.

गुरुजी पुढच्या सीटवर बसले. पेनड्राइव्हवर त्यांच्याच एका विद्यार्थ्याचं तीनतालाचं रेकॉर्डिंग होतं. तीन हात नाक्यावरून नितीन कंपनीच्या पुलापर्यंत एक चक्कर मारली, स्टिरिओ बंद पडला नाही, शिट्टी नाही, खरखर नाही. मी समाधानाने त्यांच्याकडे बघितलं. ते मांडीवर तळहात टेकवून ऐकत होते, आणि मान हलवत होते ती नकाराची.

"आवाज वाढलाय भाऊ, पण 'गे' अजून नाही. मींड घेतोय ते दिसतंय मला, ऐकू येत नाहीये."

पाच तासांच्या कामानंतर हे ऐकणं जड जातं. मी सेटिंगमध्ये बेस वाढवायला हात पुढे केला, तर त्यांनी तो थांबवला आणि स्वतःच बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला. डग्गा घुमला! मग पूर्ण उजवीकडे नेला, तेव्हाही घुमला. मध्यावर आणला आणि गायब. "एकेकटे नीट वाजतात. दोघे मिळून वाजले की जातो. असं कसं होईल?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एका दरवाजाच्या स्पीकरचं प्लस-मायनस उलटं होतं. एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. बारीक आवाजाला त्याने फारसा फरक पडत नाही, म्हणून चाटेचा 'ना' शाबूत. पण खर्जातल्या आवाजाची लाट लांब असते, 100 हर्ट्‌झची जवळजवळ साडेतीन मीटर. एवढ्याशा गाडीत दोन बाजूंनी उलट्या निघालेल्या दोन लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. मी ओहम मोजले होते, रंग जुळवले होते, बझर वाजवला होता. पण ओहम मीटरला प्लस-मायनस कळत नाही, आणि दरवाजाच्या आत काय केलंय ते मी पाहिलंच नव्हतं.

गाळ्यावर परतलो आणि दोन्ही दरवाजांचे पॅड काढले. स्पीकर सोडवून त्याच्या वायरींना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवला. डाव्या दरवाजात प्लसला प्लस लावल्याबरोबर टक् करून पडदा बाहेर उडाला. उजवीकडे तोच सेल, त्याच रंगांच्या वायरी, आणि पडदा आत खेचला गेला. टॉर्च मारला तर कंपनीचा कपलर कापून वायरी थेट टर्मिनलला सोल्डर केलेल्या, रुंद टर्मिनलला मायनस, अरुंदला प्लस, म्हणजे नेमकं उलटं. सोल्डर काढून अदलाबदल करायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

या वेळी गाडी कुठे नेली नाही. पावसाचा आवाज नको म्हणून काचा वर केल्या, आणि गुरुजींनी तेच रेकॉर्डिंग लावलं. पहिला 'धा' पडला तेव्हा माझ्या हाताखालचा दरवाजाचा पत्रा थरथरला. मग त्या मुलाने डग्ग्यावर तळहात सरकवला, आणि ती मींड, जी मला इतका वेळ ऐकूच आली नव्हती, खालून वर चढत गेलेली मी स्पष्ट ऐकली. गुरुजींचा तळहात मांडीवर तसाच सरकला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमचा पोरगा चांगलं वाजवतो हो."

बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी सगळ्या वायरींची आकृती काढली. कुठली कुठे जाते, अर्थ कुठे घेतलाय, आरसीएची कुठली जोडी पुढची, कुठली मागची. खाली लिहिलं, 'उजवा पुढचा दरवाजा, प्लस-मायनस सेल लावून तपासलं आहे.' प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते ग्लोव्ह बॉक्सच्या आत, वरच्या बाजूला चिकटवलं. पुढे कुणी हा डॅशबोर्ड उघडलाच, तर त्याला कपलर कापावा लागू नये.