परत आलेलं इंजिन आधी खोलायचं

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीपासून चालत पाच मिनिटांवर आमचं वर्कशॉप आहे. बाबांनी सुरू केलं, आता दादा आणि मी चालवतो. खोलणं-बसवणं दादाचं, डिझेल फवारणाऱ्या नोझलचं टेस्टिंग आणि रजिस्टर माझं. जून-जुलै म्हणजे आमची सुगी. मासेमारी बंद, नौका वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या, आणि त्यांची इंजिनं आमच्या फरशीवर उघडी.

2025 मध्ये 25 जूनला दुपारी बाराच्या सुमारास बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. एका सहा सिलिंडरच्या इंजिनाचं हेड उतरवून ठेवलेलं, दादाचे हात कोपरापर्यंत काळे. मी ग्रीसच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला आणि सगळ्यांना थांबवलं. शुभांशू शुक्ला निघणार होते. राकेश शर्मांनंतर 41 वर्षांनी अंतराळात जाणारा आपला माणूस! बारा वाजून एक मिनिटाने स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीचं फाल्कन 9 रॉकेट उचललं गेलं. कुणी बोलेना. पत्र्यावरच्या पावसाने आवाजही नीट ऐकू येत नव्हता.

आठेक मिनिटांनी रॉकेटचा खालचा मोठा भाग, म्हणजे बूस्टर, फ्लोरिडातच परत येऊन चार पायांवर उभा राहिला. आपल्या इंजिनाची चौकशी करायला आलेले एक तांडेल, म्हणजे नौका चालवणारे, काका मागे उभे होते. ते एवढंच म्हणाले, "म्हंजे सोडलेला परत आला?"

आला. पण माझी नजर त्याच्या अंगावरच्या काजळीवर अडकली होती. मला त्या काजळीबद्दलच लिहायचंय.

फाल्कनच्या बूस्टरला नऊ मर्लिन इंजिनं असतात. ती शुद्ध केलेल्या रॉकेलवर आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालतात. रॉकेल जळलं की कार्बन धरतो. पिस्टनच्या माथ्यावर बसलेला कार्बन ज्याने पत्रीने खरवडलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको. स्पेसएक्सने पुढचं मोठं रॉकेट, स्टारशिप, मिथेनवर नेलं, ब्लू ओरिजिन या दुसऱ्या कंपनीच्या न्यू ग्लेन रॉकेटच्या बूस्टरची इंजिनंही मिथेनवर आहेत. त्यामागे कारणं बरीच आहेत, पण मिथेन स्वच्छ जळतो हे त्यातलं एक मोठं. ज्याला तेच इंजिन पुन्हा पुन्हा वापरायचंय तो असाच विचार करणार.

उतरण्याची करामत मोठी आहे, ती मी कमी लेखत नाही. जेटीला नौका लावताना तांडेल न्यूट्रल करतो, जरा मागे घेतो, लाट बघून पुन्हा पुढे सोडतो. फाल्कनला ती सोय नाही. टाक्या रिकाम्या होत आल्यावर बूस्टर इतका हलका होतो की एकच इंजिन, तेही सगळ्यात मंद करून चालवलं, तरी त्याचा जोर वजनापेक्षा जास्त भरतो. हवेत थांबून अंदाज घेता येत नाही. वेग बरोबर शून्य व्हायला आणि पाय टेकायला एकच क्षण. चुकला तर एक तर आपटणार, नाहीतर परत वर जाणार.

शिवाय परतीचं इंधन राखून ठेवावं लागतं. हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही कळतं. माल जड असेल तर बूस्टरला जमिनीपर्यंत माघारी यायला इंधन पुरत नाही, म्हणून शेकडो किलोमीटर दूर समुद्रात एक सपाट डेकची बार्ज उभी करतात आणि तो तिच्यावर उतरतो. या वेळी वर जाणारं वजन बेताचं, म्हणून थेट जमिनीवर आला.

पण एवढा खटाटोप करून डेकवर कशाला उतरायचं? पॅराशूट लावून पाण्यात का नाही सोडत? हा प्रश्न मला दादाच्या मुलाने विचारला. मी त्याला मागच्या पडवीत नेलं. तिथे एक इंजिन पडून आहे, बुडालेल्या नौकेतून काढलेलं. पाण्याखाली चारच दिवस होतं. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगला बोट लावलं की पांढरी भुकटी हाताला येते, बोल्ट फिरवायला गेलं की डोकं तुटून हातात येतं. चार दिवस! खाऱ्या पाण्याशी आम्ही रोज भांडतो. कूलिंगच्या वाटेत झिंकचे तुकडे लावतो, म्हणजे मीठ आधी त्यांना खाईल. रॉकेटच्या इंजिनात तर याहून बारीक वाटा असतात.

पॅराशूटचा प्रयत्न स्पेसएक्सनेही सुरुवातीच्या फाल्कन 9 वर करून पाहिला होता, पण पॅराशूट उघडण्याआधीच बूस्टर वातावरणात तुटायचे. त्याआधी नासाच्या शटलचे घन इंधनाचे बूस्टर अटलांटिकमध्ये पॅराशूटने पडायचे आणि दोन जहाजं त्यांना ओढून आणायची. पुढे ते पूर्ण सुटे करायचे, धुवायचे, पुन्हा भरायचे. शटल 1981 ते 2011 या काळात 135 वेळा उडालं. परत येणारं यान ते होतंच. पण अंगावर वीस हजारांहून जास्त उष्णतारोधक फरश्या, त्या दर फेरीनंतर तपासायच्या. एकच शटल पुन्हा उडवायला लागलेला सगळ्यात कमी वेळ 54 दिवस. आमची पावसाळी बंदी साधारण तेवढीच!

म्हणून मी तारखा वेगळ्या मोजते. लोक 21 डिसेंबर 2015 सांगतात, त्या रात्री पहिल्यांदा फाल्कनचा बूस्टर जमिनीवर उभा राहिला. मला 30 मार्च 2017 जास्त मोठी वाटते. त्या दिवशी एक वापरलेला बूस्टर पुन्हा उडाला. तो उतरला होता एप्रिल 2016 मध्ये, म्हणजे जवळपास वर्ष गेलं त्याला खोलून, बघून, तयार करण्यात. आणि मार्च 2025 मध्ये एक बूस्टर नऊ दिवसांत पुन्हा उडाला. वर्षावरून नऊ दिवस. यातली कमाई वर्कशॉपची आहे. नव्या बूस्टरकडून दहा उड्डाणांची अपेक्षा धरली होती. परत आलेले खोलून बघितले, काय झिजतं आणि काय झिजत नाही ते कळलं, तसा आकडा पुढे सरकत गेला. ऑगस्ट 2025 मध्ये एकाने तिसावं उड्डाण केलं. 2024 मध्ये फाल्कन एकूण 130 हून जास्त वेळा उडाले, हे दर वेळी नवं लोखंड ओतून झालं नसतं.

नाकावरच्या टोपणाची, म्हणजे फेअरिंगची, गोष्ट तर आमच्याच धंद्यातली आहे. उपग्रहावरचं ते झाकण दोन फाकांमध्ये सुटतं. किंमत सुमारे 60 लाख डॉलर. स्पेसएक्सचे इलॉन मस्क म्हणाले होते की एवढी रोकड आकाशातून पडत असेल तर तुम्ही ती झेलायला धावणार नाही का? मग त्यांनी एका जहाजावर भलं मोठं जाळं ताणलं आणि पॅराशूटखाली येणारी फाक झेलायला ते जहाज खाली पळवलं. जून 2019 मध्ये पहिली फाक जाळ्यात पडली. पण वारा, लाटा, दर वेळी जमेना. शेवटी जाळी काढून टाकली, फाकांमध्ये पाणी शिरणार नाही अशी सोय केली आणि त्या सरळ पाण्यातून उचलायला लागले. जाळ्याचा मोह सोडायला किती अवघड जातं ते मला विचारा, आमचे अर्धे गिऱ्हाईक जाळ्यावर जगतात.

आणि समुद्राने एक घास घेतलाच. 2020 मध्ये दोन अंतराळवीरांना घेऊन गेलेला तो प्रसिद्ध बूस्टर 19 वेळा जाऊन परत आला. डिसेंबर 2023 मध्ये बार्जवर नीट उतरला, आणि बंदराकडे येताना वाऱ्याने आणि उंच लाटांनी आडवा होऊन मोडला. अंतराळाच्या वेशीवरून 19 वेळा सुखरूप आलेला, आणि घराच्या वाटेवर गेला. हे वाचलं त्या रात्री मला झोप नव्हती. आमच्याकडेही नौका जातात त्या बहुतेक खाडीच्या तोंडाशी, दिवे दिसायला लागल्यावर.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसले. शुक्लांचं उड्डाण खरं तर 11 जूनला व्हायचं होतं. त्याआधी बूस्टर तळावर धरून ठेवून इंजिनं पेटवून बघतात, त्या चाचणीनंतर तपासणीत द्रव ऑक्सिजनची गळती सापडली. तो बूस्टर आधी एकदा उडून आलेला होता. आणि स्पेसएक्सच्या अधिकाऱ्यांनी स्वतःच सांगितलं की मागच्या फेरीत परत येतानाच ही गळती दिसली होती, दुरुस्तीत ती पूर्ण निघाली नाही. इस्रोच्या लोकांनी चर्चेत बसून गळती काढा, पुन्हा चाचणी घ्या, मगच सोडा असं ठरवून घेतलं. टीव्हीवर तेव्हा "पुन्हा लांबणीवर" म्हणून नाराजीचा सूर होता. मी मात्र मनोमन हात जोडले.

कारण तीन वर्षांपूर्वी आमच्याकडून हेच घडलंय. एका ट्रॉलरचं इंजिन बंदीत आमच्याकडे आलं. उतरवायच्या आधी चालू करून बघताना वॉटर पंपाच्या सीलपाशी ओल दिसली होती. मी रजिस्टरात पेन्सिलीने लिहिलं, "पंप, किंचित पाझर." इंजिन खोललं, लायनर बदलले, रिंगा बदलल्या, हेड बसवलं. पंप पुसून घेतला, बोल्ट आवळले, चाचणीत थेंब आला नाही. आम्ही दिलं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात वीस वाव खोल पाण्यात सील गेलं, इंजिन तापून हेड वाकलं. सात खलाशी रात्रभर उधाणात नांगर टाकून बसले, मोबाइलला रेंज नाही. सकाळी दुसऱ्या नौकेने दोर टाकून ओढून आणलं. सगळे सुखरूप आले. त्यांच्यातल्या एकाची आई जेटीवर माझ्या शेजारीच उभी होती, ती मला काही बोलली नाही. माझी ती पेन्सिलीची ओळ मी नंतर कितीदा तरी उघडून बघितली. दिसलं होतं, लिहिलंही होतं, आणि सुटलं.

नवं इंजिन काही लपवत नाही, त्याला मागचं आयुष्यच नसतं. परत आलेल्याला असतं. एकदा वापरून समुद्रात टाकायचं रॉकेट असेल तर गळती त्याच्याबरोबर बुडते. 2023 च्या जुलैत ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर एक मोठं पिंप वाहून आलं, ते आपल्या पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग निघालं. त्याच्याकडून शिकायला आता कुणी नाही. परत आणायचं ठरवलं, की त्याच्या प्रत्येक दुखण्याचा हिशेब तुमच्या गळ्यात.

आपल्याकडे हे सुरू झालंय. चित्रदुर्गजवळ इस्रोने पुष्पक हे पंखवालं यान हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडलं आणि ते आपलं आपण धावपट्टीवर उतरलं, 2023 मध्ये एकदा, 2024 मध्ये दोनदा. सप्टेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने नव्या पिढीच्या रॉकेटला 8240 कोटी मंजूर केले, त्याचा पहिला टप्पा पुन्हा वापरायचा आहे. स्कायरूट, अग्निकुल या आपल्या खासगी कंपन्यांनी चाचणी उड्डाणं केलीत. 13 नोव्हेंबर 2025 ला न्यू ग्लेनचा बूस्टरही जहाजावर उतरला, म्हणजे आता हे एकाच कंपनीचं कसब राहिलं नाही. पैसा येईल, तरुण इंजिनिअर येतील. मला काळजी आहे ती खोलणाऱ्या हातांची. आमच्याकडे शिकायला येणारी आयटीआयची मुलं सहा महिन्यांत मुंबई-पुण्याला जातात, आणि जाताना त्यांना वाटतं की आपण फक्त नट-बोल्टचे पाने फिरवायला शिकलो. तसं नाही रे बाबांनो. बेअरिंगवरचा ओरखडा नखाने ओळखणं हीच विद्या त्या नऊ दिवसांच्या मागे आहे.

शुक्ला 15 जुलैला परतले, कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात. तोवर आमच्या फरशीवरची निम्मी इंजिनं बसून झाली होती. त्या संध्याकाळी मी नवं रजिस्टर आखायला घेतलं. बाबांच्या रजिस्टरात पाच रकाने असायचे: नौका, तारीख, तास, काम, रक्कम. मी कामाच्या आधी एक सहावा घातला, "आणताना काय दिसलं", आणि त्याच्या शेजारी सहीची जागा. त्यात लिहिलेलं निघालं की ज्याने काढलं त्याने सही करायची. सही नसेल तर इंजिन दाराबाहेर जात नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

तांडेल काकांच्या इंजिनाला तिथे दोन ओळी होत्या. पहिलीवर दादाची सही त्याच आठवड्यात झाली. दुसरी होती तीन नंबरच्या नोझलची. ते मी चार वेळा टेस्टरवर लावलं, चारही वेळा फवारा एका बाजूला जरासा जाड पडत होता. काका दारात उभे होते, नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर. मी नवं नोझल मागवलं आणि त्यांना खुर्ची दिली.