शिवणाचा तास आणि कापडाचा उठाव

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मजकूर मागणारे पत्र आले, तेव्हा त्यात मैदान, स्नेहसंमेलने, स्कॉलरशिपचे जादा तास आणि मुख्याध्यापकांची शिस्त यांविषयीच्या आठवणींची अपेक्षा व्यक्त केलेली होती. त्या आठवणी माझ्यापेक्षा चांगल्या रीतीने लिहू शकणारे माझ्याच तुकडीत पुष्कळ आहेत आणि ते लिहितीलच. मला मिळालेली पाने मी फक्त आपल्या शिवणाच्या बाईंसाठी वापरणार आहे. आज लहान मुलांच्या कपड्यांचा जो व्यवसाय मी चालवते, त्याचा पाया जुन्या इमारतीच्या मागच्या खोलीत, शनिवारच्या जोड तासाला घातला गेला, हे मी जाहीरपणे कधीच सांगितलेले नाही.

आपल्या इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे सारे गावच मागांच्या खडखडाटावर जगू लागले. आमच्या वर्गात कुणाचे वडील मागांची देखभाल करणारे जॉबर, कुणाचे वहिफणीत (ताण्याचे धागे मागासाठी ओवण्याच्या कामात), कुणाची आई कांड्या भरणारी. काउंट (सुताची जाडी-बारीकी) आणि पीक (इंचातले आडवे धागे) ही भाषा आम्हांला पाढ्यांच्या आधी येत होती. त्यामुळे कापडातले आपल्याला सगळे कळते, असा आमचा समज होता. बाईंनी पहिल्याच तासाला एक मांजरपाटाचा तुकडा टेबलावर पसरला आणि म्हणाल्या, "तुमच्या घरी कापड लांबीला आणि पन्ह्याला मोजतात. या खोलीत आपण त्याला जाडी द्यायची." मग त्यांनी त्यावर अर्ध्या इंचाची एक घडी पाडून तिच्यावर हाताने टीप घातली, पट्टी लावली आणि दाखवले की तुकडा एक इंचाने अरुंद झाला आहे. वर जे उठते ते पन्ह्यातून वजा होते, आणि तेही दुप्पट, हा त्यांचा पहिला धडा होता.

हा हिशेब त्यांनी आमच्याकडून इतका घोटून घेतला की आजही कुणी पिनटकचा, म्हणजे बारीक शिवलेल्या घड्यांचा, नमुना समोर ठेवला तर माझे डोके आपोआप चालू लागते. एक अष्टमांश इंचाचा टक पाव इंच कापड खातो, म्हणजे छातीवर दहा टक हवे असतील तर अडीच इंच कापड जादा धरायचे. म्हणून आधी टक घालायचे, इस्त्री फिरवायची आणि त्यानंतरच कागदी बेतणी ठेवून कात्री चालवायची. ज्या शिंप्याने आधी कापले, त्याचा झबला बारशाला नव्हे तर बाहुलीला होतो, असे त्या म्हणत. आपल्या गणवेशाच्या स्कर्टला कंबरेच्या तिप्पट कापड का लागते, हेही तेव्हाच उमगले. प्लीटमध्ये वर दिसणारा एक पदर असतो आणि त्याखाली लपलेले दोन, म्हणून चोवीस इंचांच्या कंबरेला बहात्तर इंचांचा घेर. टेरिकॉटच्या, म्हणजे टेरिलीन आणि सुताच्या मिश्र कापडाच्या, स्कर्टची घडी ओल्या फडक्यावरून इस्त्री केल्यावर आठवडाभर टिके आणि निव्वळ सुती कापडाची संध्याकाळपर्यंतही टिकत नसे, याचे कारण टेरिलीनचा धागा उष्णतेने मऊ होतो आणि निवताना ज्या आकारात असेल तो आकार धरून ठेवतो. विज्ञानाच्या तासाला हे आम्हांला कुणी सांगितले नव्हते.

मला सर्वांत स्पष्ट आठवतो तो स्मॉकिंगचा, म्हणजे चुण्या पाडून त्या नक्षीच्या टाक्यांनी बांधण्याचा, तास, आणि त्यातही निळ्या चौकड्यांचा प्रसंग. स्मॉकिंगसाठी कापडाच्या उलट्या बाजूला ठिपक्यांच्या सरळ ओळी लागतात. ठिपक्यांचे तयार कागद तेव्हा मोठ्या शहरांत मिळत असावेत. बाई जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याला तापलेल्या सुईने पाव-पाव इंचावर भोके पाडून घ्यायला लावत आणि त्यातून निळ्या पेन्सिलीचे टोक टेकवायचे. मग प्रत्येक ओळीत पक्क्या दोऱ्याचा धावदोरा, एका टोकाला मोठी गाठ, आणि प्रत्येक ठिपक्यावर सुईने दोन-तीन धाग्यांपुरतेच कापड उचलायचे. साऱ्या ओळी झाल्या की मोकळी टोके एकत्र धरून ओढायची आणि टाचणीभोवती इंग्रजी आठाच्या आकारात गुंडाळून पक्की करायची. सत्तावीस इंचांचा तुकडा नऊ इंचांवर येतो आणि त्यावर उभ्या, सारख्या चुण्यांची रांग उमटते. खरे टाके यानंतर. हनीकोंब नावाच्या टाक्यात शेजारच्या दोन चुण्यांची टोके दोन टाक्यांनी जोडायची, सुई चुणीच्या आतून खालच्या ओळीत न्यायची आणि तेथे पुढची जोडी बांधायची. शेवटी ओढदोरे काढून टाकले की कापड ताणले तर उघडते आणि सोडले तर मिटते. रबराचा धागा नसलेल्या काळात वाढत्या अंगाच्या मुलीचा फ्रॉक दोन वर्षे कसा पुरत असे, त्याचे उत्तर या टाक्यात आहे. इंग्लंडमधले शेतमजूर आपल्या ढगळ अंगरख्यांची छाती आणि मनगटे याच कारणासाठी अशी बांधून घेत.

तर त्या दिवशी आमच्यापैकी दोघींनी एकाच ताग्यातले निळ्या-पांढऱ्या बारीक चौकड्यांचे कापड आणले होते. चौकड्या असल्या की ठिपके मारावे लागत नाहीत, म्हणून बाकीच्या मुली जरा हेव्याने पाहत होत्या. दोघींनी दोरे ओढले, आणि एकीचा तुकडा जवळजवळ पांढरा दिसू लागला, तर दुसरीचा गडद निळा. वर्गात एकच गलका उडाला. एकीचे कापड विटके निघाले, अशी कुजबूजही झाली. बाईंनी सगळ्यांना हातातले काम खाली ठेवायला लावले, दोन्ही तुकडे खिडकीपाशी नेले आणि एक अक्षर न बोलता ते हळूहळू ताणले. चुण्या उघडल्या तशा दोन्हींवर त्याच चौकड्या परत आल्या. सैल सोडल्यावर पुन्हा एक पांढरा आणि एक निळा. मग त्यांनी आम्हांला सुई कुठे गेली होती ते शोधायला लावले. पहिलीने कापड गडद चौकड्यांच्या रकान्यात उचलले होते, त्यामुळे निळा रंग चुणीच्या तळाशी गेला आणि पांढरा माथ्यावर आला; दुसरीने नेमके उलटे केले होते. सुलट्या बाजूला काय दाखवायचे ते उलट्या बाजूला ठरते, एवढेच बाई म्हणाल्या आणि घंटा झाली तरी कुणी उठले नाही. पुढे मी हा चौकड्यांचा खेळ कितीतरी फ्रॉकांवर विकला आहे.

गोधडीविषयीही लिहायलाच हवे. बाईंनी एकदा त्यांच्या आईच्या हातची वाकळ आणली आणि डोळे मिटून तिच्यावरून बोटे फिरवायला सांगितली. धावदोरा जेथे सगळे थर दाबून धरतो तेथे खळगी पडते आणि दोन टाक्यांच्या मध्ये कापड वर येते. ओळी जवळजवळ असल्या की साऱ्या पृष्ठभागावर बारीक लाटा उमटतात, आणि धुण्यात जुने सुती थर आणखी आक्रसले की त्या अधिकच ठसठशीत होतात. ज्या वस्तूवर आम्ही रोज झोपत होतो ती वर्गात अभ्यासाला आल्याचे काहींना हसू आले, पण बाईंनी तिथूनच पुढची पायरी गाठली. दोन पदरांमध्ये समांतर दोन टिपा घालून मधल्या नळीत नाडी ओवायच्या सुईने सुताची दोरी ओढली की उठावदार रेघ मिळते, आणि नक्षीच्या मागच्या अस्तराला छोटी चीर देऊन काडीने कापूस भरला, वर टाके घातले की पान किंवा फूल फुगून येते.

पुढे मुलाकडे लंडनला गेले असताना व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील सिसिलीची रजई पाहिली. ती साधारण 1360 ते 1400 या काळातली, तागाच्या कापडाची, आणि ट्रिस्टनच्या मध्ययुगीन युरोपीय कथेतील शिपाई, घोडे, गलबते तीत अशीच आतून भरून उठवलेली आहेत. मला रजईपेक्षा बाईंचा पुठ्ठ्याच्या डब्यातला कापूस जास्त आठवला. जपानी रचनाकार इस्से मियाके यांनी 1993 साली बाजारात आणलेल्या 'प्लीट्स प्लीज' या घड्यांच्या कपड्यांचे तंत्र कळले तेव्हाही तसेच झाले. ते कपडे आधी कितीतरी मोठे शिवतात आणि मग कागदाच्या थरांत घालून, उष्णता आणि दाब देऊन त्यांना घड्या पाडतात. म्हणजे आमच्या 'आधी टक, मग कात्री'च्या बरोबर उलट क्रम. बाईंनी त्यावर नक्कीच वाद घातला असता, आणि हिशेब पाहून तो मान्यही केला असता.

माझ्या कारखान्यात आज अनेक सुयांचे मशीन आहे. खालून इलॅस्टिकचा दोरा, वर साधा दोरा, आणि काही मिनिटांत फ्रॉकची छाती चुण्यांनी भरून निघते. गिऱ्हाइकाला तेच परवडते आणि मीही तेच विकते. तरी इलॅस्टिक गरम पाण्याने आणि उन्हाने मरते, मग चुण्या लोंबू लागतात. हाताचे हनीकोंब आईकडून लेकीकडे जाते. ते काम येणाऱ्या बायका मला आता जाहिरात देऊनही सापडत नाहीत.

गेल्या वर्षी शाळेत आले तेव्हा मागच्या खोलीत संगणक मांडलेले दिसले. ते असावेत, त्याविषयी तक्रार नाही. पण कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात कागदावर आहे आणि मुलांच्या हातात सुई नाही, हे मात्र मला खटकले, आणि समारंभाच्या अंकात असे लिहू नये हे ठाऊक असूनही लिहिते आहे. समितीने परवानगी दिली तर शनिवारचा जोड तास घ्यायला मी येईन. मुलांना आणि मुलींना एकत्र बसवावे, कारण आमच्या वेळी मुलगे त्या खोलीच्या खिडकीतून नुसतेच डोकावत. मशीनची गरज नाही. मांजरपाट, चौकड्यांचे कापड, सुया आणि दोरे मी आणीन. लग्नपत्रिकांचे पुठ्ठे तेवढे ज्याने त्याने घरून आणावेत.