शिष्ट, शहाजोग आणि नाकाने सोललेले कांदे

अतिसभ्य माणसाला नावं ठेवायला मराठीत शब्दांची ददात नाही. पुण्यात मात्र शब्द चुकला, तर समोरचा आधी तो शब्द सुधारतो आणि मग रागावतो. म्हणून निवड नीट करावी.

‘शिष्ट’ सगळ्यात सोपा. शिष्टाचार, शिष्टमंडळ इथे त्याचा मान अजून शाबूत आहे. पण ‘फार शिष्ट आहे हो ती’ म्हटलं की झालीच नालस्ती. ‘फार’वर जोर हवा. यात ढोंगाचा आरोप नसतो. जिन्यात ओळखीचं माणूस दिसल्यावर जेमतेम भुवई हलवणारा तो शिष्ट, एवढंच.

‘शहाजोग’ला ढोंग लागतं. शब्द हुंडीच्या, म्हणजे पैसे देण्यासाठी सावकारांनी लिहिलेल्या जुन्या चिठ्ठीच्या, व्यवहारातला. शहाजोग हुंडीचे पैसे कुणाही आणणाऱ्याला मिळत नसत. बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच मिळत, आणि हुंडी बनावट निघाली तर ते परत करायची जबाबदारी त्याची. आज शहाजोग म्हणजे पत नसताना ती असल्यासारखा वागणारा. स्वतःची गाडी दोन जागा अडवून लावायची आणि सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या शिस्तीवर बोलायचं, हे शहाजोगपणाचं काम. नुसत्या नियमवेड्याला हा शब्द लावणं अन्यायाचं. तो काटेकोर, फार तर कर्मठ. आणि शहाजोग आपली भानगड झाकतो, तर नाकाने कांदे सोलणारा त्यापुढे जाऊन आपल्या शुद्धतेची जाहिरात करतो.

खरी जपणूक ‘सोवळा’ वापरताना. शिष्ट, शहाजोग, साळसूद हे शब्द लिंगानुसार बदलत नाहीत. हा बदलतो, आणि तिथेच घोटाळा होतो. ‘सोवळी बाई’ म्हणजे जुन्या मराठीत केशवपन केलेली विधवा. तेव्हा बाईंबद्दल बोलताना ‘सोवळेपणा’ म्हणून सुटावं. सोवळं म्हणजे रेशमी मुकटा, लोकरीची धाबळी, किंवा धुऊन उंच दांडीवर काठीने वाळत घातलेलं सुती वस्त्र. कुणाचा हात लागू नये ही सगळी खटपट. म्हणून जो वादाला स्पर्श करत नाही, पण कान देऊन सगळं ऐकतो, त्याला हा शब्द चपखल बसतो.

‘मानभावी’ टाळलेला बरा. एका माणसाच्या गोड लबाडीसाठी त्यात अख्ख्या महानुभाव पंथाचं नाव विटाळतं.

उरलं ‘सदाशिव पेठी’. 1761 साली पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची पेठ, आणि विशेषण झालं ते तोलूनमापून वागणाऱ्यांचं! कोथरूडच्या पत्त्यालाही ते चालतं. समोरचा खरंच पेठेतला असेल तर मात्र त्याला ते कौतुक वाटतं, आणि टोमणा फुकट जातो.