तुम्ही विचारलंत म्हणून: पहिली लेन्स गल्लीच्या रुंदीवरून ठरवा

"रेंजफाइंडर बॉडी मिळाली, आता तिला पहिली लेन्स कोणती घेऊ?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. (रेंजफाइंडर म्हणजे बाजूच्या खिडकीतून बघत, तिच्यातल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा.) विचारणाऱ्याच्या मनात दोन नावं आधीच घोळत असतात, बहुधा दोन्ही एफ/१.४ ची (हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड, म्हणजे ॲपर्चर, मोठं उघडतं), आणि त्यातली सरस कोणती एवढंच त्याला ऐकायचं असतं. माझं उत्तर त्या दोन्हींत नसतं. ३५ मिमी (मिमीचा आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद), एफ/२ किंवा एफ/२.५, लहान आणि हलकी. बॉडी जुनी लायका एम३ किंवा रशियन झोर्की असेल तर ५० मिमी, एफ/२. असं का, ते नाशिकच्याच गल्ल्यांवरून सांगतो.

आधी हिशोब अंतराचा. फिल्मवरची चौकट ३६ बाय २४ मिमीची असते. त्यामुळे ३५ मिमीच्या लेन्सला एक सोपा नियम लागू पडतो: तुम्ही जितके लांब उभे, तितकीच रुंदी फोटोत येते. तीन मीटरवरून तीन मीटर. साडेपाच-पावणेसहा फुटांचा माणूस आडव्या चौकटीत डोक्यापासून पायापर्यंत बसवायचा तर २८ मिमीला दोन मीटर लागतात, ३५ ला अडीच, ५० ला साडेतीन आणि ९० ला जवळजवळ साडेसहा. आता तांबट लेनमध्ये किंवा जुन्या नाशकातल्या कुठल्याही बोळात जा आणि समोरच्या वाड्याच्या ओट्यावर बसलेल्या आजोबांकडे बघा. पाठ मागच्या भिंतीला टेकली तरी अडीच-तीन मीटरच्या पलीकडे जाता येत नाही. तिथे ३५ मध्ये आजोबा, ओटा आणि मागचं कोरीव दार असं सगळं येतं. ५० मध्ये फक्त आजोबा येतात, तेही गुडघ्यापर्यंत.

गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातही तेच. भाजीवाल्या मावशींसमोर उकिडवं बसलं की अंतर सव्वा मीटर उरतं. ३५ मध्ये त्यांचा चेहरा, तागडी आणि मेथीच्या जुड्या एका चौकटीत येतात. ५० मध्ये चेहरा आणि हात. दुसराही फोटो चांगलाच असतो, पण तोच हवा आहे हे आधी माहीत असायला हवं. रामकुंडाच्या पायऱ्यांवर मात्र मागे सरकायला जागा आहे. तिथे ५० सुखाने चालते, आणि पैलतीरावरून नारोशंकराच्या देवळाची घंटा टिपायची तर ९० सुद्धा. तुमचं फिरणं घाटावर जास्त की गल्लीत, हे प्रामाणिकपणे ठरवा. निम्मी निवड तिथेच होते.

उरलेली निम्मी बॉडी ठरवते, आणि एसएलआरवरून (आरशाने लेन्समधलंच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावरून) आलेल्यांना हे पटकन ध्यानात येत नाही. इथे तुम्ही लेन्समधून बघत नाही, बाजूच्या खिडकीतून, म्हणजे फाइंडरमधून, बघता. त्या खिडकीत ज्या चौकटी आखलेल्या असतील त्याच लेन्स सोयीच्या. १९५४ च्या लायका एम३ मध्ये ५०, ९० आणि १३५ च्या चौकटी आहेत, ३५ ची नाही. तिच्यासाठी पुढे काचेचा चष्मा बसवलेल्या खास ३५ मिमी लेन्स निघाल्या, पण त्या जड असतात आणि त्या चष्म्याची सेटिंग हलली की पॅचमध्ये (फाइंडरच्या मधल्या, फोकस जुळवायच्या चौकोनात) प्रतिमा जुळेनाशा होतात. पहिल्या लेन्सला हा उपद्व्याप नको. एम३ ला ५० च लावा, तिचा ०.९१ पट मोठा फाइंडर त्यासाठीच आहे. एम२ मध्ये ३५, ५०, ९०. एम६ मध्ये २८ पासून १३५ पर्यंत सहा चौकटी, दोन-दोनच्या जोड्यांनी दिसणाऱ्या. व्होइग्टलेंडर बेसा आर३ए चा फाइंडर एकास एक, दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येणारा. त्यात ४०, ५०, ७५, ९०. म्हणून त्या बॉडीला ३५ चा आग्रह धरू नका, ४० मिमी घ्या. तीच ४० लायकावर लावली की ५० ची चौकट पुढे येते आणि कडेला काय शिरलं ते फोटो धुऊन आल्यावरच कळतं. झोर्की-४ मध्ये आखलेल्या चौकटीच नाहीत, आख्खा फाइंडर म्हणजेच ५०.

चष्मा लावणाऱ्यांनी २८ पहिली घेऊ नये. एम६ सारख्या ०.७२ पटीच्या फाइंडरमध्ये २८ ची चौकट अगदी काठाला असते, चष्म्यामुळे डोळा मागे राहतो आणि ती अर्धीच दिसते. ३५ ची दिसते. चौकटी जवळच्या अंतरासाठी आखलेल्या असल्यामुळे लांबच्या दृश्यात फोटोत थोडं जास्त येतं, हेही धरून चाला.

आता एफ/१.४ चा मोह. एप्रिलमधल्या दुपारी काळाराम मंदिराच्या अंगणात उभे आहात, कॅमेऱ्यात ४०० ची फिल्म आहे (आकडा जितका मोठा, तितका फिल्मला उजेड कमी लागतो). उन्हाचा जुना हिशोब सांगतो: एफ/१६ ला १/५०० सेकंद. लायका एम३, एम६ चं शटर १/१००० च्या पुढे जात नाही, म्हणजे जास्तीत जास्त एफ/११ पर्यंत उघडता येईल. १०० ची फिल्म घातली तरी एफ/५.६. ज्या एफ/१.४ साठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजले, ते दिवसभर बंदच राहणार. उजेड कमी करणारा फिल्टर लावून उघडता येतं, पण मग त्या काळ्या फिल्टरची वेगळी खरेदी आली.

संध्याकाळी काय, असं विचाराल. घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात ४०० ची फिल्म, एफ/२ आणि १/३० साधारण पुरतं. रेंजफाइंडरमध्ये आरसा उडत नाही, त्यामुळे कोपर बरगडीला टेकवून श्वास सोडताना बटण दाबलं तर १/३० काय, १/१५ सुद्धा हातात सांभाळता येतो. समोरचा माणूस स्थिर हवा, एवढंच. एफ/२ आणि एफ/१.४ मध्ये फरक एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा. त्या एका स्टॉपची किंमत अशी: एक मीटरवर ५० मिमी एफ/१.४ ला ठेवली तर तीनएक सेंटिमीटरच फोकसमध्ये राहतात, आणि पुढचा डोळा सांभाळताना मागचा निसटतो. इतका बारीक फोकस पकडायला फाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर आणि त्याची मोठाई यांचा गुणाकार मोठा लागतो. एम६ चा तो सुमारे ५० मिमी, बेसा आर२ए चा २६. म्हणजे बेसाच्या मालकाला तर ही लेन्स जास्तच छळणार. शिवाय लठ्ठ लेन्स आणि तिचा हूड फाइंडरचा खालचा उजवा कोपरा झाकतात. नेमकं तिथेच एखादं पोर पळत येतं आणि तुम्हाला दिसत नाही.

लहान ३५ चं खरं सुख गर्दीत आहे. लेन्सवर अंतराचे आकडे आणि कुठपासून कुठपर्यंत फोकसमध्ये राहील ते दाखवणाऱ्या रेषा कोरलेल्या असतात. त्यांचा उपयोग करा. एफ/८ ठेवून अंतर तीन मीटर लावलं की १.९ पासून ७ मीटरपर्यंत सगळं स्वच्छ. ५० मिमीला त्याच सेटिंगवर २.३ ते ४.२ एवढाच पट्टा मिळतो. रंगपंचमीला तिवंध्याच्या किंवा शनी चौकाच्या रहाडीभोवती (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदाभोवती), किंवा २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडाच्या वाटेवर, पॅच जुळवत बसायला वेळच नसतो. तिथे हा पट्टाच तुमचा ऑटोफोकस. (रहाडीशी कॅमेरा न्यायचा तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, रंगाचं पाणी फोकसच्या आट्यांत शिरलं की लेन्स पूर्ण उघडावी लागते.)

नावं विचाराल तर व्होइग्टलेंडर कलर-स्कोपार ३५ एफ/२.५ ही माझी पहिली पसंती. झाइस सी बायोगॉन ३५ एफ/२.८ तितकीच चांगली, कडेपर्यंत रेषा सरळ ठेवणारी. ५० मध्ये लायकाची समिक्रॉन एफ/२ किंवा झाइस प्लानार एफ/२. झाइसची सी सॉनार ५० एफ/१.५ फार देखणी प्रतिमा देते, पण ॲपर्चर बदललं की तिचा फोकस पुढे-मागे सरकतो. तो सरकणारा फोकस ओळखायला शिकल्यावर ती घ्यावी, आधी नको.

जुन्या लेन्सपैकी पेचाच्या माउंटच्या, म्हणजे ३९ मिमीच्या आट्यांच्या, स्वस्त पडतात. त्या एम बॉडीवर १ मिमी जाडीच्या अडॅप्टरने बसतात, कारण पेचाच्या माउंटला लेन्स ते फिल्म अंतर २८.८ मिमी आणि एम ला २७.८. उलटं होत नाही. एम लेन्स झोर्कीवर चढत नाही. अडॅप्टर घेताना तो कोणती चौकट उघडतो ते विचारा आणि फार स्वस्तातला टाळा. जाडी किंचित चुकली तरी फोकस चुकतो. रशियन ज्युपिटर-८ झोर्कीवर छान. लायकावर मात्र जवळच्या अंतराला आणि पूर्ण उघड्या ॲपर्चरला तिचा फोकस जुळत नाही, कारण तिची आखणी वेगळ्या मापाची आहे. कॅनन ५० एफ/१.८ गुणी लेन्स, पण ॲपर्चरच्या पात्यांलगतच्या काचेवर धुकट थर धरण्याची तिची खोड जुनी आहे. कधी तो पुसून जातो, कधी काचेलाच खातो.

म्हणून वापरलेली लेन्स टॉर्चशिवाय घेऊ नका. ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून तिरका उजेड टाका. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा म्हणजे बुरशी, दुधाळ थर म्हणजे धुकं, काठाला इंद्रधनुषी डाग म्हणजे काचांचा डिंक सुटतोय. चार धुळीचे कण आणि पुढच्या काचेवरची एखादी बारीक रेघ सोडून द्या, मागच्या काचेवरची नको. फोकसचं कडं एकसारख्या वजनाने फिरायला हवं. अडकत असेल तर ग्रीस सुकलंय, डुगडुगत असेल तर आटे झिजलेत.

मग फोकस तपासा. गच्चीवरून पांडवलेणीचा डोंगर दिसत असेल तर त्याची कड पॅचमध्ये घ्या. लेन्स अनंतावर टेकली की दोन्ही कडा एक झाल्या पाहिजेत. त्यानंतर जवळचं. कॅमेऱ्याची पाठ उघडा, आतल्या रुळांवर पारदर्शक खरखरीत चिकटपट्टी ताणून लावा, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं) धरून ठेवा आणि एक मीटरवर तिरक्या ठेवलेल्या पट्टीचा आकडा भिंगाने बघा. पॅचमध्ये ५० चा आकडा जुळवला आणि चिकटपट्टीवर ५३ ठळक दिसला, तर लेन्स किंवा बॉडी, दोन्हींपैकी एक बिघडलंय. दुसरी लेन्स लावून बघितली की दोषी कोण ते कळतं. बॉडीचा रोलर (लेन्सचं अंतर फाइंडरला कळवणारं आतलं चाक) घरी पिळू नका, तो जाणकार दुरुस्तीवाल्याकडेच.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, लेन्स चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, काटा ४० ते ५० टक्क्यांत. नारिंगी दाणे हिरवे झाले की वाळवायचे, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नाही.

उन्हाळ्यातली भीती वेगळी. लायका आणि झोर्कीचं शटर कापडाचं असतं आणि पुढे आरसा नसतो. उघडी लेन्स अनंतावर ठेवून कॅमेरा सूर्याकडे तोंड करून गळ्यात लोंबकळला तर ती भिंगासारखी कापड जाळते, आणि मग प्रत्येक फोटोवर एक पांढरा ठिपका येतो. फोटो काढत नसाल तेव्हा ॲपर्चर एफ/१६ आणि फोकस सगळ्यात जवळ. टोपण लावलंत तर लक्षात ठेवा की फाइंडरला टोपण दिसत नाही. आख्खा रोल कोरा निघतो. टोपणाऐवजी हूड लावून ठेवणं मला बरं वाटतं.

लेन्स घरी आली की लगेच रोल भरू नका. फोकसची टॅब (कडं फिरवायला बोट टेकवायची जागा) सरळ खाली आली की अंतर किती, ते कड्यावर वाचून पाठ करा. मग गल्लीतला एखादा विजेचा खांब निवडा, अंतर मनाशी बोला, टॅब न बघता फिरवा आणि मगच डोळा लावा. दोन्ही खांब एकावर एक दिसले पाहिजेत. आठवडाभर रोज दहा मिनिटं हे करा, मग रोल भरा.