तीनशे ग्रॅम पत्रा

पत्र्याच्या धंद्यात ६०० हा सगळ्यात वाईट आकडा. ६० नग असले तर बाकावर बसून हाताने करून देता येतात. ६०,००० असले तर डाय, म्हणजे पत्रा कापायचा पोलादी साचा, बनवायची, प्रेसवर चढवायची आणि मोकळं व्हायचं. ६०० मात्र हाताला जास्त आणि डायला कमी. त्यात गिऱ्हाइकाला ते ६० हजारांच्या भावात हवे असतात.

तसंच एक ड्रॉइंग आलं. नखाएवढी क्लिप. उलगडून सपाट केली तर ३० बाय १४ मिलिमीटर, त्यातही इंग्रजी एलच्या आकाराची. अर्धा मिलिमीटर जाड स्टेनलेस ३०१, हाफ हार्ड, म्हणजे थंड रोल करून अर्धवट कडक केलेलं. एकमेकांना समांतर दोन बेंड, एका टोकाची फ्लँज, म्हणजे बेंडपुढची वळलेली पट्टी, फक्त २.५ मिलिमीटर. इलेक्ट्रिकच्या डब्याचं झाकण बंद झालं की ही क्लिप त्यावर दाबून बसते आणि झाकणाला अर्थिंग मिळतं. माझ्याआधी चार-पाच ठिकाणी भाव विचारून झाले होते. सगळ्यांनी एकच उत्तर दिलेलं: डाय करा. खरेदी विभागातली मंडळी ड्रॉइंग पाच जणांना पाठवून भाव मागतात. ही २.५ ची फ्लँज ३.५ केली तर चालेल का, हे मात्र आपल्याच डिझाइनवाल्याला विचारत नाहीत. मी विचारलं. ‘ड्रॉइंगप्रमाणे’ एवढंच उत्तर आलं.

डायची अडचण अशी की एवढ्या पातळ पत्र्याला पंच (वरून दाबणारं हत्यार) आणि डायमधली फट एका बाजूला ०.०३ मिलिमीटरच्या आसपास ठेवावी लागते, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्यानेही कमी. ते काम करणाऱ्याची मजुरी ६०० नगांवर वाटली तर प्रत्येक क्लिप दागिन्याच्या भावात जाते. केमिकल एचिंग, म्हणजे रसायनाने पत्रा खाऊन आकार काढणं, या कामाला खरं तर उत्तम. बर, म्हणजे कापलेल्या कडेवरची धारदार कूस, येत नाही, पत्र्याला ताण येत नाही, हत्यार म्हणून फक्त फिल्म लागते. पण एचिंगवाल्याने तीन आठवडे सांगितले आणि आमच्याकडे होता एक. वायरकट, म्हणजे तारेच्या ठिणग्यांनी कापणं, हाही एक जुना उपाय आहे. ४० पत्रे दोन जाड प्लेटांमध्ये घट्ट आवळायचे आणि एकाच फेरीत चाळीसच्या चाळीस कापायचे. मशीन रात्रभर एकटं चालतं. पण त्या आठवड्यात ते मोकळं नव्हतं.

राहिलं लेझर. कापायला अडचण नव्हती, अडचण होती वाकवायला. बेंडिंग मशीनवर आमच्याकडची सगळ्यात लहान व्ही, म्हणजे पत्रा ज्यात दाबतात ती खालची खाच, ६ मिलिमीटरची. तिच्या दोन्ही काठांवर पत्रा टेकला तरच बेंड येतो, म्हणजे चार मिलिमीटरच्या वर फ्लँज हवी. अडीचची फ्लँज सरळ खड्ड्यात पडते. म्हणून कापायचं लेझरवर आणि वाकवायचं फ्लायप्रेसवर, म्हणजे हाताने फिरवायच्या स्क्रूच्या प्रेसवर, असं ठरवलं.

त्या फ्लायप्रेसच्या टूलचा मला अजून अभिमान आहे. खाली साध्या माइल्ड स्टीलचा ब्लॉक, ६०० नगांना तो हार्ड करायची गरजच नाही. पंच तेवढा ओएचएनएस या हत्यारांच्या पोलादाचा, पाणी देऊन कडक केलेला. जागेवर बसवायला दोन पिना आणि एक स्टॉप. हाफ हार्ड पत्रा दाब सोडला की परत उघडतो, त्यामुळे ९० अंशांच्या खोबणीतून पहिली क्लिप ९५ ची निघाली. खोबण ८५ ला घासून घेतल्यावर काटकोन आला. एवढे लहान तुकडे बोटांनी पिनांवर बसवत राहिलो असतो तर महिना गेला असता. कांडीच्या टोकाला चुंबक लावून उचलले. हो, स्टेनलेस चुंबकाला चिकटतं. ३०१ थंड रोल केलं की त्याची आतली रचना बदलते आणि ते चिकटायला लागतं. याच कारणावरून पूर्वी एकाने माझा माल ‘नकली स्टेनलेस’ म्हणून परत पाठवला होता.

नेस्टिंग, म्हणजे शीटवर तुकड्यांची मांडणी, तीही मीच केली. एलचे तुकडे एकाच दिशेने मांडले तर मध्ये बराच पत्रा वाया जात होता. एक उभा, एक आडवा असे एकमेकांत अडकवले तर शीटचा जवळजवळ पाचवा भाग वाचला. स्क्रीनवर ती जाळी इतकी सुंदर दिसत होती की मी फोटो काढून ठेवला. तुकडे मशीनच्या पट्ट्यांमधून खाली पडू नयेत म्हणून प्रत्येकाला केसासारखा एक टॅब, म्हणजे शीटला धरून ठेवणारा न कापलेला दुवा, ठेवला. नंतर ते मोडले आणि सगळा माल बर काढायला बॅरलमध्ये, म्हणजे दगड घातलेल्या फिरत्या पिंपात, टाकला. सपाट पातळ तुकडे ओले झाले की पत्त्यांसारखे एकमेकांना चिकटतात, म्हणून दगड जास्त घातले.

पहिल्या संध्याकाळी ६० वाकवल्या. गिऱ्हाइकाचा माणूस दारात उभाच होता, तो घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या ५४० झाल्या. दुपारनंतर मोजता मोजता एका क्लिपच्या बेंडवर बाहेरच्या बाजूने बारीक चकाकती रेघ दिसली. नखाने घासली, जाईना. भिंगाखाली धरली तर ती चीर होती.

मग सगळ्याच पाहिल्या. ७१ फुटलेल्या. मी पंचाची त्रिज्या तपासली: ०.५, ड्रॉइंगप्रमाणे. दुसऱ्या शीटचा माल मिसळला का? शीट एकच होती. लेझरवाल्याला फोन करून गॅसवरून भांडलो. तो नायट्रोजनच वापरला म्हणाला आणि कडा बघता ते खरंच होतं. फुटलेल्या आणि चांगल्या क्लिपांमध्ये मला काही म्हणता काही फरक दिसेना.

आमचे फिटर, त्यांना सगळे मामा म्हणतात, तोवर गप्प होते. माझं फोनवरचं आटोपल्यावर त्यांनी फुटलेल्यांपैकी दहा-बारा उचलल्या आणि एका ओळीत मांडल्या.

“साहेब, टॅब कुठे मोडलाय बघा.”

बॅरलमधून निघाल्यावरही टॅबच्या जागी मोहरीच्याही निम्मा उंचवटा राहतो. या सगळ्यांचा आखूड कडेवर होता. मी ७१ च्या ७१ पाहिल्या. सगळ्यांचा आखूड कडेवर. चांगल्यांचा ढीग उपसला तर त्यात दोन्ही प्रकार होते. आखूड कडेवाल्या बऱ्याच, पण लांब कडेवाली फुटलेली एकही नाही.

मामा मागच्या दाराशी पडलेली शीटची जाळी घेऊन आले आणि उजेडाकडे तिरकी धरली. पत्र्यावर रोलिंगच्या बारीक रेघा असतात. तुकड्यांवरच्या बॅरलने पुसून टाकल्या होत्या, पण जाळीवर स्पष्ट होत्या. मशीनने टॅब सगळीकडे शीटच्या एकाच बाजूला ठेवला होता. त्यामुळे उभ्या तुकड्यात तो लांब कडेवर आला आणि आडव्यात आखूड कडेवर. आणि आडव्या मांडलेल्या प्रत्येक तुकड्याचा बेंड रेघांना समांतर जात होता. हार्ड पत्रा रेघांना आडवा वाकवला तर बिचारा जाडीएवढ्या त्रिज्येतही वळतो. रेघांबरोबर वाकवला तर लाकूड शिरेवर चिरावं तसा उकलतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. शिकाऊ पोरांना मी हेच दरडावून सांगतो: बेंड काटकोनात असतील तर तुकडा ४५ अंशांत मांडा, समांतर असतील तर बेंड रेघांना आडवे येतील असा. स्क्रीनवर मात्र शीट करडी आणि गुळगुळीत दिसते, तिला रेघा नसतात.

किती वाचवला होता मी? अख्ख्या कामाला लागला दीड किलोच्या आत पत्रा. आडवे-उभे लावून वाचला असेल तीनशे ग्रॅम. एवढ्या लहान कामात पत्र्याचा खर्च कोपऱ्यात कुठेतरी असतो. पैसा जातो तो सेटिंगमध्ये, उचल-ठेव करण्यात, मोजण्यात. लोकांना मी हे तोंडपाठ सांगतो.

नवे ३०० तुकडे एकाच दिशेने कापले, पंचाची त्रिज्या थोडी वाढवून घेतली. एकही फुटली नाही. तो भाग दीड दिवसात संपला.

संपला नाही तो हिशेब. दोन्ही दिशांचे तुकडे ३००-३०० कापलेले. दुकानात राहिलेल्या ५४० मध्ये आखूड कडेवाल्या २६८. म्हणजे पहिल्या संध्याकाळी गेलेल्या ६० मध्ये ३२. इथे २६८ मधल्या ७१ फुटल्या, त्या प्रमाणात तिकडे आठ-नऊ.

गिऱ्हाइकाला फोन केला. ६० च्या ६० बदलून देतो म्हटलं, टॅब कसा ओळखायचा तेही सांगितलं.

“अहो, बसवून झाल्या. डबे बंद होऊन गेलेसुद्धा. एक तक्रार नाही. चांगलं चाललेलं तुम्ही कशाला उकरून काढताय?” झाकणाला अर्थिंगची वेगळी वायर असते, असंही ते म्हणाले. असेलही. माझ्याकडे आलेल्या ड्रॉइंगमध्ये नव्हती. मी लेखी कळवलं. उत्तर आलं: नोंद घेतली.

आखूड कडेच्या, पण न फुटलेल्या १९७ क्लिपा मी भंगारात टाकल्या नाहीत. एका डब्यात आहेत. झाकणाचा तुकडा वाईसमध्ये धरून एकेक क्लिप त्यावर दाबतो-सोडतो, झाकण उघडून बंद केल्यासारखं, आणि मोजतो. मामा बघतात, बोलत नाहीत. परवाची २,००० वेळा दाबून शाबूत राहिली. कालची ३१० ला गेली. सहा झाल्या, १९१ उरल्यात.