तुम्ही विचारलंत म्हणून: लेकरू लिवायला कवा लागणार?

"मॅडम, लेकरू नुसतं खेळतंय. लिवायला कवा लागणार?"

जूनमध्ये शाळा भरली की पोळ्यापर्यंत हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. कधी शाळेच्या फाटकाशी, कधी बाजारात, कधी एखाद्याच्या तेराव्यालासुद्धा. बावीस वर्षं अंबाजोगाई तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत पहिली-दुसरीला शिकवतेय, पण हा प्रश्न मी कधी उडवून लावलेला नाही. ज्या बापानं सातवीत शाळा सोडून ऊस तोडायला कोयता हातात घेतला, त्याला लेकराची भरलेली वही दिसली की धीर येतो. तालुक्याच्या गावातल्या नर्सरीत चार वर्षांचं पोरगं एबीसीडीची पानं भरतं आणि आपलं सहा वर्षांचं चिंचोके मांडत बसलंय, हे बघून पोटात कालवाकालव होणारच. म्हणून एकदा नीट बसून सांगते.

आधी हात बघा. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या मनगटातली आठही हाडं मऊ, लवचीक कूर्चेची असतात. ती एकेक करून टणक होत जातात आणि शेवटचं हाड तयार व्हायला नऊ ते बारा वर्षं लागतात. चार वर्षांच्या लेकराला बारीक चौकटीत अक्षर कोंबायला लावलं की ते पेन्सिल मुठीत आवळतं, खांद्यापासून जोर लावतं, कागद फाडतं. आपण म्हणतो, लक्ष देत नाही. खरं तर हात अजून त्या कामाला झालेला नसतो. तो तयार होतो कणीक तिंबताना, शेंगा फोडताना, मातीचे बैल करताना, सुतळीत मणी ओवताना. माझ्या वर्गात हे सगळं चालतं ते वेळ घालवायला नाही. लिहिण्याची निम्मी तयारी तिथंच होते.

हाताच्या अशाच कामाचं मोल ओळखणाऱ्या मारिया माँटेसरी इटलीतल्या डॉक्टर होत्या. १९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी लहान मुलांसाठी 'बालगृह' नावाची शाळा उघडली. तिथं तीनेक वर्षांची एक मुलगी लहानमोठे लाकडी दट्टे त्यांच्या खाचांत बसवत होती. काढायचे, मिसळायचे, पुन्हा बसवायचे, असं चाळीसहून जास्त वेळा. भोवती गाणी चालू होती, तिला बसल्या खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचं काम थांबलं नाही. ते संपलं तेव्हा ती थकलेली नव्हती, चांगली झोप झाल्यासारखी ताजी होती. पोर स्वतःला घडवत असतं, आणि त्यात मध्ये पडायचं नसतं, हे माँटेसरीबाईंनी अशा प्रसंगांतून ओळखलं. शून्य ते सहा, सहा ते बारा, बारा ते अठरा, अठरा ते चोवीस असे वाढीचे चार टप्पे त्यांनी मानले. प्रत्येक टप्प्याची भूक वेगळी.

आता चिंचोक्यांचं सांगते. काही वर्षांपूर्वी आजीबरोबर एक मुलगी पहिलीत नाव घालायला आली. ओट्यावर बसून मी सात चिंचोके एका ओळीत मांडले आणि तिला समोर तेवढेच मांडायला सांगितले. तिनं जोडीला जोड लावून मांडले.

"सारखे हाईत?"

"हां, सारखेच."

मग तिच्या डोळ्यांदेखत मी माझ्या ओळीतले चिंचोके लांब लांब सरकवले. एकही वाढवला नाही. "आता?"

तिनं दोन्ही ओळींवरून नजर फिरवली आणि माझ्या ओळीकडं बोट केलं. "तुमचे जास्त."

आजी मागून म्हणाली, "अगं, मोज की नीट." तिनं बोट लावून मोजले. इकडं सात, तिकडं सात. आजीनं विचारलं, "मग?" मुलगी जराही न गडबडता म्हणाली, "तरी बी मॅडमचे जास्त."

आजी कानकोंडी झाली. लेकरू मठ्ठ निघालं असं तिला वाटलं. पण हाच प्रयोग स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांनी केला होता. लहान मूल म्हणजे कमी माहिती असलेला मोठा माणूस नव्हे, त्याची विचार करायची रीतच वेगळी असते, हे त्यांनी दाखवलं. लांब दिसतं ते जास्त, हा त्या वयाचा हिशोब. साधारण सात वर्षांच्या आसपास तो बदलतो. नंतरच्या अभ्यासकांनी प्रश्न विचारायची पद्धत बदलली तेव्हा याहून लहान मुलांनीही बरोबर सांगितलं, त्यामुळं वयाचा आकडा दगडावरची रेघ मानू नये. पण क्रम खरा आहे. त्या मुलीला शंभरापर्यंत पाढ्यासारखं म्हणता येत होतं, तरी सात म्हणजे सातच हे तिला उमगलेलं नव्हतं.

संक्रांतीनंतर पुन्हा तेच मांडलं. तिनं माझ्याकडं जरा रागानंच पाहिलं. "तुम्ही नुसते लांबवलेत. हाईत तेवढेच." तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मधल्या सहा महिन्यांत ती सागरगोटे खेळली होती, खिचडीच्या ताटल्या माणसांगणिक वाटल्या होत्या, बिया अर्ध्या-अर्ध्या करताना भांडली होती.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग शिकवायचंच कशाला, आपोआप येईल की! ही चूक मी स्वतः केलीय. शिक्षण हक्काचा कायदा २००९चा. शिकणं कृतीतून, शोधातून, बालकेंद्री रीतीनं व्हावं असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पुढं आमच्याकडं ज्ञानरचनावादाची प्रशिक्षणं आली. मी फरशीवर अक्षरं रंगवली, साहित्य मांडलं आणि मागं सरून उभी राहिले. मूल आपलं ज्ञान आपणच रचतं, मग आपण बोलायचं नाही, असा मी अर्थ घेतला. मार्चमध्ये पाहिलं तर घरी मोठी भावंडं शिकणारी होती ती लेकरं वाचत होती आणि ज्यांच्या घरात कागद म्हणजे रेशनकार्डच, ती आठ लेकरं अजून जोडाक्षराशी अडत होती. मी मोकळीक दिली, पण तिचा फायदा ज्यांना घरून आधार होता त्यांनाच झाला. त्या आठ जणांचं वर्ष मला परत देता आलं नाही.

लेव्ह व्हिगोट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं मला त्यानंतर कळलं: मूल आज दुसऱ्याच्या मदतीनं जे करतं, ते उद्या एकट्यानं करतं. मदत नेमकी तिथं हवी. तेव्हापासून रोज अर्धा-पाऊण तास मी ध्वनी, अक्षरं, शब्द समोर बसवून शिकवते. बालकेंद्री म्हणजे मोकाट सोडणं नव्हे. कोणतं लेकरू कुठल्या पायरीवर उभं आहे हे मला ठाऊक असणं, म्हणजे बालकेंद्री.

आपल्या भागात ते ठाऊक करून घेणं आणखी अवघड, कारण निम्मा वर्ग दिवाळीच्या सुमाराला आईबापांसोबत ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघून जातो. गुढीपाडव्याला परतलेला दुसरीतला एक मुलगा हजेरीपटावर गैरहजर, प्रगतीपत्रकात कोरा. मी त्याला विचारलं, साखर कारखान्यावर काय करायचास? म्हणाला, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या चाऱ्याच्या, पेंड्या मोजून द्यायचो. मी भाव धरून विचारत गेले, पाच रुपयाला एक तर नऊ पेंड्यांचे किती? त्यानं पाच-पाचच्या टप्प्यानं बोटं दुमडली आणि पंचेचाळीस सांगितले. गुणाकाराचं चिन्ह त्यानं पाहिलेलं नव्हतं. चिन्ह त्याच दिवशी शिकवलं, दहा मिनिटं लागली. याचा अर्थ टोळीच्या कोपीतलं, म्हणजे झोपडीतलं, जगणं चांगलं असा कुणी लावू नये. तो दिवसभर धाकट्या बहिणीला सांभाळायचा, ते वय त्याचं नव्हे. त्याचं वाचन पाच महिने बुडालं, तेही खरंच. म्हणून हंगामी वसतिगृहात लेकराला ठेवा, असं मी दर ऑक्टोबरला घरोघर सांगत फिरते.

शिकणं लेकराच्या जगण्यातूनच सुरू होतं, हे बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडकांनी फार आधी ओळखलं होतं. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई १९४५ साली तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. माँटेसरीची महागडी साधनं परवडेनात, तर शंख-शिंपले, पानं, खडे, बिया घेतल्या. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढं कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीनं गुराख्यांच्या पोरांसाठी कुरणशाळा भरवली. आपल्या गावातली अंगणवाडी म्हणजे खाऊ वाटपाचं ठिकाण, असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं.

लातूर पॅटर्नचं नाव काढल्याशिवाय आपल्याकडं शिक्षणाची गोष्ट संपत नाही. अकरावी-बारावीचं पोर पहाटे उठून शेकडो प्रश्न सोडवतं, ते त्याच्या वयाला झेपतं, त्याचं ध्येय त्याच्या डोळ्यांपुढं असतं. तोच सराव चार वर्षांच्या लेकरावर लादला, तर त्याच्या त्या वयाचं काम करायचं राहून जातं. ते पुढं कुठल्या क्लासात भरून निघणार?

तर, कवा लागणार? माझ्या वर्गात बहुतेकांना दिवाळीपर्यंत स्वतःचं नाव लिहिता येतं, पाडव्यापर्यंत मनानं दोन-चार ओळी. काहींना दुसरीचा पोळा उजाडतो. पण पहिली संपत आली तरी अक्षर ओळखत नसेल तर नुसतं थांबू नका. डोळे आणि कान तपासून घ्या, माझ्याशी बोला.

आज घरी भाकरी थापताना लेकराला पिठाचा गोळा द्या. किती माणसं जेवायला, किती भाकरी लागतील, विचारा. आणि उद्या अकराला शाळेत या, मागच्या भिंतीपाशी सतरंजी टाकून ठेवते. तासभर नुसतं बघा. फक्त त्याला "लिहून दाव" म्हणू नका.